विक्रांतवरचं सी हॉक, डिसेंबर १९७१: पोटाचा रंग कुणाचा धरू?

किल्ल्यासमोर (मालवण)

नमस्कार मंडळी. सी हॉक या जुन्या नौदल जेट विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल करायला घेतलंय. डब्यातले डिकल (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा) ब्रिटिश नौदलाचे, सुएझ युद्धाच्या वेळचे पिवळे-काळे पट्टे वगैरे. ते मला नकोत. मला आपल्या ३०० स्क्वाड्रनचं, व्हाइट टायगर्सचं विमान करायचंय. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला जी गेली त्यांतलं एक.

कारण घरातलंच आहे. माझा मोठा मामा तेव्हा विक्रांतवर होता. डेकवर विमानं ढकलायची, साखळ्यांनी बांधायची, लिफ्टवर चढवून खाली हँगरमध्ये न्यायची, हे त्याचं काम. शेवटची काही वर्षं गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर काढली आणि ८४ साली नौदलातून सुटला. आता आचऱ्याला असतो. लवकरच त्याची पंच्याहत्तरी आहे, तेव्हा द्यायचंय.

अडचण अशी की मामा छातीठोक सांगतो, विमान वरून काळपट आणि खालून पांढरंशुभ्र. डब्यातला कागद सांगतो, वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून 'स्काय', म्हणजे ती फिकट हिरवट छटा. जे फोटो सापडले ते जवळजवळ सगळे काळे-पांढरे. त्यांत पोट फिकट दिसतं एवढंच कळतं, पांढरं की हिरवट ते कोण सांगणार?

एकीकडे कागद, दुसरीकडे ज्या माणसाने ते विमान हाताने ढकललं तो माणूस. कुणाचं धरू? आणि आणखी काय काय बघायला हवं जे मला सुचलंच नसेल? विमानातलं मला बरंच कळतं असं नाही, हे तिसरंच मॉडेल.

वास्को_एक (गोवा)

स्काय धर. कागद बरोबर आहे. आपण सुरुवातीची सी हॉक घेतली ती ब्रिटिश नौदलाच्याच घडणीची आणि त्याच रंगसंगतीची.

आठवणींचं सांगायचं तर माझे आजोबा शेवटपर्यंत सांगायचे की ६१ साली दाबोळीच्या धावपट्टीवर विक्रांतच्या विमानांनी बॉम्ब टाकले. विक्रांत त्या वेळी गोव्याच्या समुद्रात होती हे खरं. पण १८ डिसेंबरला दाबोळीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरांनी, आणि त्या आल्या पुण्याहून. बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं ते बेळगावहून आलेल्या हंटर विमानांनी. आजोबा तेव्हा चिखलीला होते, आवाज त्यांनी स्वतः ऐकलेला. आवाज खरा, विमान दुसरं.

बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक उभं आहे. अलिझे, सी हॅरियर, ते मोठं सुपर कॉन्स्टेलेशन, सगळं आहे. मालवणहून सकाळी निघालास तर संध्याकाळी परत. फक्त विमानतळाच्या बाजूला कॅमेरा काढू नकोस, तो नौदलाचा तळ आहे. संग्रहालयात काय ते फोटो काढ.

जुना_फिटर (रत्नागिरी)

मामाला रंग विचारूच नकोस. काम विचार.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. ज्या लेथवर उमेदीची वर्षं काढली ती हिरवी होती की करडी, हे आज मला सांगता येणार नाही. पण तिच्या गार्डचा खिट्टा कुठल्या हाताने उघडायचा आणि हात पुसायचं फडकं कुठल्या हँडलला अडकवलेलं असायचं, हे झोपेतून उठवून विचार. तुझ्या मामाचंही तसंच असणार. त्याला विचार: साखळी विमानाला कुठे अडकवायची? ढकलताना हात कुठे टेकवायचे आणि कुठे टेकवले तर शिव्या बसायच्या? पायलट वर चढायचा तेव्हा बूट कुठे घासायचा? विमान उतरून आलं की कुठलं झाकण आधी उघडायचं? रोज पुसायला काय लागायचं? यातलं जवळजवळ सगळं मॉडेलवर दिसतं, आणि डब्यातल्या कागदावर यातलं काही नसतं.

आता ते पांढरं पोट. मामा ८४ ला सुटला म्हणतोस आणि शेवटी दाबोळीला होता. सी हॉक ८३ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली. त्याच ३०० स्क्वाड्रनमध्ये, तेच व्हाइट टायगर्स. आणि ती सुरुवातीची सी हॅरियर वरून गडद करडी आणि खालून पांढरी होती. म्हणजे मामाने पांढऱ्या पोटाचं विमान बघितलंय, आणि ते त्याच्याच स्क्वाड्रनचं होतं. त्याला खोटं पाडायचा प्रश्नच नाही. एकदा नुसतं विचार, पांढऱ्या पोटाच्या त्या विमानाला बाजूने, उभं उतरण्यासाठी असतात तशी, झोताची फिरती नळकांडी होती का.

रंगाचं इथे थांबवतो, कारण खरी गोम दुसरीकडे आहे आणि ती तू विचारलेली नाहीस. शेपूट!

आपल्याकडे सी हॉक एकाच जातीची नव्हती. आधी आली ती एफजीए ६ च्या घडणीची. मग साठच्या दशकाच्या मध्यात जर्मन नौदलाने वापरलेली २८ विमानं आपण घेतली, ती एमके १०० आणि एमके १०१. जर्मनांनी बनवून घेताना उभी शेपटी आणि रडर (तिच्या मागचा हलणारा भाग) उंच करून घेतलं होतं. म्हणजे ७१ साली 'विक्रांतवरचं सी हॉक' म्हटलं तर शेपटी दोन प्रकारची असू शकते. बाजारात दोन्ही जातींचे डबे मिळतात, सुएझचे पट्टे आहेत म्हणजे तुझा आखूड शेपटीचा. आता तू नेटवरून छान दिसणारा एक नंबर उचललास, डिकल छापून घेतलेस, आणि तो नंबर निघाला जर्मन विमानाचा, की संपलं. रंग चुकला तर पुन्हा मारता येतो. शेपटी चुकली तर कानस घेऊन बसावं लागतं, आणि मुळात प्लास्टिक कमी आहे तिथे कानस काय करणार? म्हणून क्रम उलटा कर. आधी एक फोटो धर, ज्यात नंबरही वाचता येतो आणि शेपटीही पूर्ण दिसते. मग त्या एका विमानाचं मॉडेल कर. 'साधारण ७१ सालचं सी हॉक' असं काही नसतं. नंबर असतो आणि तारीख असते.

दुसरं, काजळी. नवीन पोरं जेट म्हटलं की शेपटीचं टोक काळं करतात. सी हॉकमध्ये रोल्स रॉइसचं नेन इंजिन पोटाच्या मध्यावर, आणि त्याचा झोत दोन फाटे फुटून पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, डाव्या-उजव्या बाजूंनी बाहेर पडतो. असं केल्याने मागचं धड मोकळं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसवता आली. म्हणजे शेपटीच्या टोकातून धूर येत नाही. काजळी लावायची तर त्या दोन तोंडांमागे, धडाच्या दोन्ही कुशींवर, आणि तीही बेताने. युद्धनौकेवर विमान रोज पुसलं जातं. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम उघडं पडलं की त्याला पांढरी बुरशी धरते, त्यामुळे तिथे मळ साठू देत नाहीत. मळलेलं विमान म्हणजे लढलेलं विमान ही समजूत फक्त आपल्या छंदात आहे.

तिसरं, पॅनलच्या रेघा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर घे. तुझ्या मॉडेलवर अर्धा मिलिमीटर रुंद रेघ पडली तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटरची फट होते. त्यात बोट नाही, अख्खा अंगठा जाईल. आणि आपण त्या रेघांत काळा वॉश, म्हणजे पातळ रंग, ओतून वर म्हणतो, बघा काय डिटेल आहे. मला स्वतःला रेघा जेमतेम दिसलेल्या आवडतात. यावर इथले बरेच जण माझ्याशी भांडतात, भांडोत.

पंखांची मापंही एकदा तपासून घे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.८९ मीटर, म्हणजे १/७२ ला १६५ मिलिमीटर. पंख दुमडले की रुंदी साधारण ४.०६ मीटर, म्हणजे तुझ्याकडे ५६ मिलिमीटर. मामाच्या भेटीसाठी करतोयस तर पंख दुमडलेलंच कर. त्याने विमान उडताना किती पाहिलं असेल कुणास ठाऊक, ढकललं ते दुमडलेलं.

बॉम्ब लटकवण्याआधी थांब. ७१ साली विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, जहाज पूर्ण वेग घेऊ शकत नव्हतं. जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे कॅटापल्टवरून (विमान डेकवरून पुढे फेकणारी यंत्रणा) किती वजन घेऊन उडता येईल त्याला लगाम. तेव्हा डब्यात आहेत म्हणून सगळे बॉम्ब आणि रॉकेटं पंखाखाली टांगू नकोस. फोटोत दिसतील तेवढी टांग. नाकाखालच्या चार २० मिलिमीटर तोफांची तोंडं मात्र नीट कोर, ती समोरून लगेच दिसतात.

वास्कोकरांनी संग्रहालय सुचवलं ते चांगलं आहे, पण काय बघायला जायचं ते ठरवून जा. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात ठेवलेल्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. रंगवणाऱ्याचं काम पत्रा वाचवणं असतं, ७१ सालची छटा जपणं नसतं. बारीक अक्षरं त्यात बुजतात. त्यामुळे तिथे रंगाची साक्ष घेऊ नकोस. आकार बघ. चाकांच्या खळग्यात काय काय नळ्या आहेत, पंखाच्या घडीची बिजागरी कशी आहे, झोताची तोंडं आतून किती खोल दिसतात. फोटो काढताना कुणाला तरी शेजारी उभं कर, म्हणजे घरी आल्यावर मापाचा अंदाज येतो.

देवगडचो

मॉडेलातला माका काय कळणा नाय, झिल करता म्हणान मी हय वाचूक येतंय. पण एक सांगतंय. वाढदिवस मामाचो आसा, इतिहास परिषदेचो नाय. तो पांढरा म्हणता तर पांढरा कर आणि मोकळो हो. काचेच्या पेटयेत ठेवतलो तो, बघतलो तो. तुमी फिटरभाऊ व्हर्नियर घेवन आचऱ्याक जातलास काय?

जुना_फिटर (रत्नागिरी)

बोलावलं तर जाईन की. आचऱ्याला मासे चांगले मिळतात.

तुमचं म्हणणं मला मान्य नाही एवढंच. मामाने पंधरा वर्षं त्या विमानांची सेवा केली. त्याला भेट द्यायची तर ती खरी द्यावी. पोरगा चौकशी करतोय, चार जणांना विचारतोय, हाच तर त्या माणसाचा मान आहे. 'म्हातारा आहे, म्हणतो तसं करून टाका' हे मला कमीपणाचं वाटतं.

समुद्रकाठची (अलिबाग)

दादा, फिटरकाकांनी आकाराचं सगळं सांगितलं, मी रंगाचं आणि डिकलचं सांगते.

हंब्रोल कंपनीच्या मॉडेल-रंगांत वरच्या रंगाला १२३ आणि स्कायला ९० नंबर चालतो. १२३ डब्यातून काढून तसाच मारलास तर एवढ्याशा मॉडेलवर तो जवळजवळ काळा दिसेल. त्यात थोडा पांढरा मिसळ. किती, ते डोळ्यांनी ठरव. दुसऱ्या एका प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर, खिडकीशी नेऊन बघ. ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस.

डिकल हा खरा त्रास आहे. बाहेरून मागवलेल्या भारतीय वर्तुळांत (विमानावरची तिरंगी गोल खूण) केशरी कधी लालभडक येतो, कधी पिवळट. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, हा क्रम तरी आधी तपासून घे. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून क्रम ठरवायला जाऊ नकोस, केशरी आणि हिरवा दोन्ही त्यात सारख्याच करड्या छटेत येऊ शकतात. मी मागे एक स्पिटफायर केलं, आपल्याच हवाई दलाचं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीवरचं. तिथल्या वर्तुळांत लाल रंगच ठेवलेला नव्हता, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच लोकांनी गोळी घालू नये म्हणून. नुसती निळी आणि फिकट निळी. तेच स्पिटफायर त्याच वर्षी इंग्लंडात असतं तर मध्ये लाल. म्हणजे तारखेबरोबर जागाही लागते.

तुमच्याकडे अजून पाऊस चालू असेल तर लॅकर मारूच नकोस. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. आमच्याकडे आषाढात तर पापडही वाळत नाहीत. मी हापूसच्या रिकाम्या लाकडी पेटीला आतून ॲल्युमिनियम फॉइल लावलंय, वर झाकण, एका कोपऱ्यात जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब लाकडाला आणि मॉडेलला लागणार नाही असा टांगायचा, आणि पेंढा आधी सगळा काढून टाकायचा, हे सांगायला नको. तास-दोन तास पेटी गरम करून मग मॉडेल आत. डिकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक हात दे, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात आणि गडद करड्यावर ते फारच दिसतात. सगळं झाल्यावर मॅट.

देवगडकर काका, झिलाला ही पेटी करून द्या. पेट्यांना तुमच्याकडे काय तोटा!

किल्ल्यासमोर (मालवण)

मंडळी, आचऱ्याला जाऊन आलो. फिटरकाका, तुम्ही सांगितलंत तसं रंगाचं नाव काढलं नाही. चहा झाल्यावर नुसतं विचारलं, ढकलताना हात कुठे लावायचास?

मामा उठून उभाच राहिला. मामीला म्हणाला, टीपॉय सरक. मग खोलीभर विमान. इथे नाक, इथे पंख वर दुमडलेले, आम्ही इथे आणि इथे. डेक ओला आणि तेलकट, जहाज हलतंय, तेव्हा विमान ढकलण्यापेक्षा ते आपल्या अंगावर येऊ न देणं हे काम. इंजिन बंद होऊन आत आलेल्या विमानाच्या 'कुशीच्या तोंडापाशी' हात न्यायचा नाही, कातडी सुटायची. हे तोंड कुठे विचारलं तर त्याने स्वतःच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना हात लावून दाखवलं. शेपटीकडे नाहीच! गोड्या पाण्याने पुसायचं, आणि गोडं पाणी जपून वापरायचं म्हणून ओल्या फडक्याने. कॉकपिटखाली पायलटचे बूट घासून रंग उडालेला असायचा, तेवढाच. बाकी विमान स्वच्छ. "घाण विमान खाली नेलं तर चीफ खाऊन टाकायचा."

साखळ्या मात्र भरपूर. रात्री बांधलेलं विमान त्याने कागदावर काढून दिलं. चित्र अगदीच वाकडं आहे, पण प्रत्येक साखळी कुठून कुठे जाते ते बाणाने दाखवलंय.

मग हळूच विचारलं, पांढऱ्या पोटाचं विमान उभ्या उभ्या उतरायचं का रे? मामा म्हणाला, ते हॅरियर, ते नंतरचं. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, पण सी हॉकचं पण पांढरंच होतं. म्हटलं बरं. मामीने आतून विचारलं, हिरवट पांढरं की चुन्यासारखं पांढरं? तो म्हणाला, चुन्यासारखं कसं असेल, जुन्या भिंतीसारखं.

तर स्काय. पांढरा थेंबभर जास्त मिसळून. देवगडकर, तुमचाही मान राहील.

शेपटीचा फोटो अजून हवा तसा मिळालेला नाही. एकात नंबर दिसतो तर शेपटी कापलेली, दुसऱ्यात शेपटी पूर्ण तर नंबर पुसट. तोवर पंखाची घडी कापायला घेतो. आणि फिटरकाका, एवढ्या बारीक साखळ्या कशाच्या करू? दागिन्यांची साखळी लावून बघितली, दोरखंड वाटतो.

जुना_फिटर (रत्नागिरी)

जुन्या हेडफोनची वायर सोल. आतला केसासारखा तांब्याचा एक धागा घे, दुहेरी कर, टोक पिनेला अडकवून पीळ भर. पीळ सगळीकडे सारखा बसला की सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हाताने लाटल्यासारखा चेप. कड्या दिसायला लागतात. जास्त चेपलास तर पट्टी होते, मग फेकून दुसरा घे, वायरीत धागे पुष्कळ असतात. जुन्या हेडफोनच्या धाग्यावर लाख असते, ती आधी लायटरवर जाळून पुसून टाक, नाहीतर रंग धरत नाही.

मामाच्या त्या चित्राचा फोटो इथे टाक. साखळ्यांचे बाण स्पष्ट येतील असा, उजेडात काढलेला. आणि शेपटीचे ते दोन्ही अर्धे फोटोही टाक, बघतो काही जुळतंय का.